एक नंबरचा माणूस

जबलपुरात डोक्यानं सगळ्यात ठीकठाक माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर अंबादास लांजेवारांनी बेलाशक स्वतःचं नाव सांगितलं असतं. कोणी विचारत नव्हतं, म्हणून ते आपण होऊनच सांगत. सरकारी भांडारात एकोणीस वर्षं स्टोअरकीपर. नटबोल्टापासून ताडपत्रीपर्यंत चार हजार जिनसा तोंडपाठ. पाठ टेकली की घोरणं सुरू, आणि ताटात पाच पोळ्या. पाहुणे असले तर त्यांना संकोच वाटू नये म्हणून सात.

"टेन्शन कसं असते, मला माहीतच नाही," ते म्हणत. "लोक उगाच विचार करून राहिले. मी विचारच करत नाही."

या वाक्याचा दुसराही अर्थ निघतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

हे ऐकणारा माणूस ठरलेला होता. टेबलाच्या पलीकडे बसणारे मुरलीधर गभणे. एकोणीस वर्षं एकच टेबल, एकच खिडकी, एकच पंखा. लांजेवार बोलत आणि गभणे मान हलवत. गभण्यांची बायको, नर्मदाबाई, दीड वर्षापूर्वी गेली. एकुलती मुलगी लग्न होऊन रायपूरला. चौदाव्या दिवशी गभणे कामावर आले, रजिस्टर उघडलं आणि आवक लिहायला लागले. लांजेवारांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, "पाहा, याला म्हणतात घट्ट मन. माझ्यासमोर बसून बसून झालं हे."

गभण्यांनी मान हलवली होती.

१९८६ च्या हिवाळ्यात सिविल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात मनोमापन केंद्र उघडलं. योजना दिल्लीची. नोकरदार माणसाच्या मनाची तपासणी कॉम्प्युटरनं करायची. माणसानं दोनशे चाळीस विधानांसमोर हो किंवा नाही अशी खूण करायची, ती उत्तरं यंत्रात भरायची, आणि यंत्रानं त्या माणसाच्या आत काय चाललंय ते कागदावर छापून द्यायचं. केंद्राच्या प्रमुख होत्या नागपूरकडच्या डॉ. भानुमती देशकर. यंत्र मद्रासहून आलं होतं, आणि ते चालवणारा ऑपरेटरही त्याच्यासोबत मद्रासहूनच आला होता. यंत्रासाठी गार हवेची खोली केली होती. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळे लोक आत शिरताच नकळत हात जोडत.

भांडारातून वीस माणसं हवी होती. नोटीस लागली आणि सगळे तिच्यासमोरून असे जायला लागले जसं काही ती भिंत तिथं नव्हतीच. मशीननं पागल लिहून दिलं तर? सरकारी कागद, सरकारी शिक्का. पेन्शनपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

लांजेवार उभे राहिले.

"लिहा. एक नंबर, अंबादास लांजेवार," ते म्हणाले. "यंत्राला ना काका ना मामा. आत जे आहे तेच छापून येईल. मशीन थोडीच खोटं बोलते?"

मग त्यांनी फिरून फिरून बाकीचे एकोणीस जण गोळा केले. गभण्यांना त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नऊ नंबरवर त्यांचं नाव घातलं आणि नंतर सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर देशकरांनी सगळं नीट समजावलं. कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त कोपऱ्यातल्या चौकटीत आपला नंबर, तोही इंग्रजी आकड्यांत. लांजेवारांना हे ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी ते मागच्या रांगेला डॉक्टरीणबाई काय सांगून राहिल्या ते समजावत होते. त्यांनी चौकटीत आपला ठसठशीत मराठी एक काढला. भांडाराच्या खातेवहीत शोभावा असा, वर गोल पोट आणि खाली डौलदार शेपूट. शेजारी पाहिलं तर गभणे पेन्सिल हातात धरून कोऱ्या कागदाकडे बघत बसलेले. "अहो, नंबर तरी टाका," म्हणत लांजेवारांनी त्यांच्याही कागदावर नऊ काढून दिला. तोही मराठीच, आणि त्याचं वळण तर एकापेक्षाही सुरेख.

दोनशे चाळीस विधानं लांजेवारांनी वीस मिनिटांत संपवली. मी कधीच खोटं बोललो नाही: हो. मला कधीच राग येत नाही: हो. मला विनाकारण रडू येतं: नाही, आणि नाहीवर दोनदा खूण. मग ते व्हरांड्यात जाऊन चहा पिऊन आले. गभण्यांना दीड तास लागला. एकेका विधानावर त्यांची पेन्सिल अशी थांबायची, जशी फाटकाशी सायकल थांबते.

"काहून एवढा विचार करून राहिले?" लांजेवारांनी खिडकीतून विचारलं. "हो-नाही तर लिहायचं आहे."

गभण्यांनी मान हलवली.

यानंतर नवव्या दिवशी भांडारप्रमुख दुबेसाहेबांनी लांजेवारांना आत बोलावलं आणि चहा मागवला. लांजेवारांना पहिला धक्का त्या चहाचाच बसला. साहेबांनी आजवर त्यांना खुर्चीसुद्धा दिली नव्हती. मग साहेबांनी उठून स्वतः दार लावलं.

"लांजेवारजी, घर में सब ठीक है?"

"एकदम ठीक, साहब."

साहेबांच्या हातात दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद होता. बाकीच्यांचे अहवाल बंद पाकिटात ज्याचे त्याला दिले होते. पण ज्याच्या कागदावर यंत्र 'तातडीनं लक्ष द्यावं' असं छापेल, त्याची एक प्रत साहेबांकडे यायची, असा नियम होता. वीस माणसांत अशी एकच प्रत आली होती, आणि तिच्यावर नंबर होता एक.

साहेबांनी इंग्रजी वाचत वाचत हिंदीत सांगितलं. ही व्यक्ती वरून शांत दिसते, आतून खचलेली आहे. झोप तुटक आहे, अन्नावरची वासना उडाली आहे. आपण कोणालाच नको आहोत, असं तिला वाटतं. जगण्याचा कंटाळा आला आहे.

लांजेवारांनी आधी मागं वळून पाहिलं, खोलीत आणखी कोणी आहे का. मग ते म्हणाले की साहेब, माझ्या घोरण्यानं शेजारी जागे होतात.

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "लिखा है, व्यक्ति अपनी तकलीफ छुपाता है."

लांजेवारांना हसू आलं.

"हँसकर टालता है," साहेबांनी पुढची ओळ वाचली.

लांजेवारांचं हसू विरलं. ते गप्प बसले. साहेबांनी त्यांच्याकडे फार कळवळून पाहिलं. "और अचानक चुप हो जाता है. यह भी लिखा है."

यावर माणसानं करावं काय? बोललं तर लपवतो, हसलं तर टाळतो, गप्प बसलं तर पुरावाच. साहेबांनी त्यांना पंधरा दिवसांची रजा दिली आणि भांडाराच्या किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. तो जुडगा कमरेवरून उतरला तेव्हा लांजेवारांची पँट हलकी झाली आणि पाय जड. डॉक्टर देशकर परिषदेसाठी बंगलोरला गेल्या होत्या. खरं तर प्रत्येक अहवाल त्यांच्या नजरेखालून जाऊन मगच वाटायचा होता, पण त्यांच्या माघारी केंद्रानं छापले तसे धाडून दिले. त्या परतल्या की पहिली वेळ लांजेवारांची, असं ठरलं.

लांजेवार घरी पोचायच्या आत साहेबांची चिठ्ठी आणि अहवालाची नक्कल घेऊन शिपाई कमानिया गेटच्या मागच्या त्यांच्या गल्लीत पोचला होता. कॉलेजात जाणारी मुलगी ज्योती आईला तो कागद वाचून दाखवत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण जिभेवर हिंदीच यायची.

"आई, इसमें लिखा है, पापा को भूख नहीं लगती."

"परवा त्यांनी चारच पोळ्या खाल्ल्या," अनसूयाबाई म्हणाल्या आणि पाटावर बसल्या त्या बसल्याच. त्या दिवशी लांजेवार येताना बाहेर अर्धा पाव जिलबी खाऊन आले होते, हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार?

अनसूयाबाई साध्या बाई नव्हत्या. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला ओल्या टॉवेलवरून, उघड्या टाकलेल्या नळावरून आणि मोठ्यानं बोलण्यावरून रोज फैलावर घेतलं होतं. आता त्या उठल्या, दारात उभ्या असलेल्या नवऱ्याजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"काय सांगायचं?"

"मी रोज बोलत होते तुम्हाला. आणि तुमच्या आत हे."

लांजेवारांनी शपथा घेतल्या. आवाज चढवला. ज्योतीनं हळूच पुढची ओळ वाचली. चिडचिडीबद्दलही तिथं दोन शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीला बसले तर वस्तरा नाही. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी नाही. ओला टॉवेल ठेवायला जागा नाही म्हणून त्यांनी तो पलंगावर टाकला. आणि खरं सांगायचं तर जरा मुद्दामच टाकला. अनसूयाबाईंनी टॉवेल उचलला, घडी केली आणि एक अक्षर न बोलता बाहेर नेला. तेव्हा मात्र लांजेवार हादरले. सव्वीस वर्षांत जे घडलं नाही ते घडलं, म्हणजे मामला साधा नाही.

तिसऱ्या दिवशी खमरियाहून बस बदलत त्यांची बहीण बेबीताई आली. तिनं भावाला समोर बसवलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि लहानपणी हा झाडावरून पडला होता, तेव्हाचंच हे वर आलं, असा निकाल दिला. झाडावरून आपण नाही, बेबीताई स्वतः पडली होती, हे लांजेवारांनी सांगून पाहिलं. तिनं वहिनीकडे पाहून मान हलवली. बिचाऱ्याला आठवतही नाही.

गल्लीत बाहेर पडावं तर तिथंही तेच. भांड्यांच्या दुकानाचा मालक, जो त्यांना दुरून पाहून त्यांच्या बोलण्याच्या भीतीनं आत पळायचा, तो बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हिम्मत रखो, भैया." लांजेवार घरी परतले. दाढी वाढत होती. आरशात पाहिलं की कागदात लिहिलेला माणूस त्यांना दिसायला लागला होता.

आणि इथं सगळ्यात भयंकर गोष्ट सुरू झाली. लांजेवार विचार करायला लागले.

यंत्राला ना काका ना मामा, हे तर आपणच सांगितलं होतं. मग ते आपल्याबद्दल खोटं काहून लिहील? आपल्याला वाटते आपण खुशीत आहो, पण ते वरवरचं असलं तर? ज्योतीनं अहवालाचं भाषांतर वहीत उतरवून दिलं होतं. ते त्यांनी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. आपल्याला झोप लागते की नाही यावर ते लक्ष ठेवायला लागले, आणि झोपेवर लक्ष ठेवणाऱ्याला झोप कशी लागणार? अनसूयाबाई पथ्य म्हणून मिठाविना दलिया देत होत्या; अन्नावरची वासना दोन दिवसांत उडाली. घरातली माणसं ते खोलीत आले की बोलणं थांबवत. आपण कोणाला नको आहोत, हेही पटायला लागलं. आठव्या दिवशी वही उघडून त्यांनी ओळीनं ताडून पाहिलं. एकही ओळ चुकीची नव्हती. यंत्रानं आठ दिवस आधीच सगळं ओळखलं होतं.

या दिवसांत एकच माणूस असा होता, जो आला की त्यांना बरं वाटे. गभणे. ऑफिस सुटलं की ते सायकलनं यायचे, खुर्ची ओढून बसायचे. पहिल्या दिवशी लांजेवार काही बोलले नाहीत, कारण जास्त बोलायचं नाही असं घरून बजावलं होतं. आणि मग गभणेच बोलायला लागले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

ते म्हणाले की सकाळचा पहिला तास सगळ्यात वाईट. चहा करावा, तर तो समोर थंड होतो आणि वर साय धरते. तेवढा तास कसाबसा काढावा, मग अंघोळ होते. माणसांत बसवत नाही, पण बसावं. ग्वारीघाटावर जावं, मासळीला कणकेच्या गोळ्या टाकाव्या. मासळी काही विचारत नाही.

लांजेवार ऐकत राहिले. हे इतकं बरोबर होतं की त्यांना नवल वाटलं. कागदातलं इंग्रजी दुखणं हा माणूस मराठीत सांगून राहिला होता.

"गभणे, तुम्हाला हे कसं माहीत?"

"असंच," गभणे म्हणाले. "वाचलं कुठंतरी."

त्यांचा स्वतःचा अहवाल कसा आला, हे लांजेवारांनी विचारलं. अगदी स्वच्छ, असं गभण्यांनी सांगितलं. खुशीतला माणूस, आत्मविश्वास भरपूर, कसली म्हणून काळजी नाही. सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. लांजेवारांना अंमळ हेवा वाटला.

असे ते नऊ दिवस रोज आले. दहाव्या आणि अकराव्या दिवशी आले नाहीत. बाराव्या दिवशी, शनिवारी, डॉक्टर देशकर परतल्या, आणि अनसूयाबाई नवऱ्याला रिक्षात घालून सिविल लाइन्सला घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. लांजेवारांनी सगळं कबूल केलं. झोप नाही, भूक नाही, सगळं यंत्रात लिहिलंय तसंच आहे, चूक माझीच, मला आधी कळलं नाही. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या.

"हे कधीपासून?"

"मागच्या सोमवारच्या मागल्या सोमवारपासून. साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हापासून."

"त्याआधी?"

"त्याआधी काहीच नव्हतं. मी पाच पोळ्या खात होतो."

डॉक्टर उठल्या आणि कपाटातून मूळ उत्तरांचा गठ्ठा घेऊन आल्या. यंत्रानं जे छापलं ते ज्या कागदावरून छापलं, तो त्यांना पाहायचा होता. एक नंबरचा म्हणून जो कागद यंत्रात भरला होता तो त्यांनी समोर ठेवला. मला विनाकारण रडू येतं: हो. त्यावरची पेन्सिल फिकट, एकदा खोडून पुन्हा ओढलेली.

लांजेवार म्हणाले की हे माझं नाही. मी नाहीवर दोनदा खूण केली होती.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेलं, आणि ते म्हणाले, "हा तर नऊ आहे."

ऑपरेटरला आत बोलावलं. तो भला माणूस होता, कामात चोख. त्याला देवनागरी आकडे येत नव्हते. अठरा कागदांवर इंग्रजी नंबर होते, ते त्यानं बिनचूक भरले. उरले दोन. एकावर त्याला स्वच्छ इंग्रजी नऊ दिसला: वर गोल पोट, खाली शेपूट. दुसऱ्यावर काहीतरी नक्षी होती. वीसांतला फक्त एक नंबर शिल्लक होता. तेव्हा ती नक्षी म्हणजेच एक, असं त्यानं हिशेबानं ठरवलं. हिशेबात काही चूक नव्हती.

अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडताहेत की हसताहेत ते कळेना. बहुधा दोन्ही. बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज आला: "तुमचं अक्षर म्हणजे! मी कधीची सांगून राहिली."

पण डॉक्टर देशकर हसत नव्हत्या. "मग ज्यानं हे लिहिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "त्याला आमच्या केंद्रानं कळवलं आहे की तो अगदी आनंदात आहे. कोण आहे नऊ नंबर?"

लांजेवारांनी चौकटीतल्या नऊवर बोट ठेवलं. "गभणे." नऊ नंबर त्यांनीच लिहिला होता. एकोणीस वर्षं त्या माणसाच्या समोर ते बसले होते. बारा दिवस त्या माणसाच्या दुखण्यात राहिले होते, त्याची ओळन् ओळ पाठ करून. आणि तो माणूस रोज संध्याकाळी सायकल मारत येऊन त्यांनाच धीर देत होता.

डॉक्टरांनी भांडारात फोन लावला. दुबेसाहेब म्हणाले, गभणे दोन दिवसांपासून आले नाहीत. अर्जही नाही.

"त्यांना इथं घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "आज. आत्ता. मी कुठं जात नाही."

सिविल लाइन्सपासून गभण्यांच्या गोरखपूर मोहल्ल्यापर्यंत रिक्षा किती हळू जाते, हे लांजेवारांना त्या दिवशी कळलं. अनसूयाबाईंनी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. बारा दिवसांच्या सवयीनं त्यांनी नवऱ्याचा हात धरून ठेवला होता.

गभण्यांच्या दोन खोल्यांचं दार आतून बंद होतं. लांजेवारांनी थाप मारली. हाक मारली. मग दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. शेजारची माणसं बाहेर आली आणि दाढी वाढलेल्या त्या इसमाला पाहून परत आत गेली.

कडी निघाली. दारात गभणे उभे होते. बनियन, चुरगळलेला पायजमा, आणि दोन दिवसांची दाढी. दोन वाढलेल्या दाढ्या समोरासमोर आल्या. मागं टेबलावर चहाचा कप होता, त्यावर जाड साय धरलेली.

"अहो लांजेवार," गभणे घाबरून म्हणाले, "तुम्ही कशाला आले? वहिनी, यांना बसवा. यांना एवढ्या दूर आणायचं नव्हतं."

लांजेवार मटकन तिथंच उंबऱ्यावर बसले. गभण्यांनी धावत पाणी आणलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले, दीर्घ श्वास घ्या म्हणाले, आणि अनसूयाबाईंना हळूच विचारलं की असा झटका आधी कधी आला होता का.

"गभणे, तो कागद माझा नाही," लांजेवार म्हणाले. "तुमचा आहे."

गभण्यांनी समजूत घातल्यासारखी मान हलवली. आजारी माणसाला विरोध करू नये, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा अनसूयाबाई पुढं झाल्या आणि सगळं सांगितलं: आकडा, ऑपरेटर, अदलाबदल. गभण्यांचा पाठीवरून फिरणारा हात थांबला. लांजेवारांना वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

"म्हणजे," गभणे म्हणाले, "मला खरंच काही झालं आहे?"

"हो."

"मला वाटलं, मशीन म्हणते काहीच नाही, तर मग मी उगाच. आळशीपणा असेल. दोन दिवस उठवतच नव्हतं, तर मी स्वतःलाच शिव्या देत होतो." ते खाली बसले, लांजेवारांच्या शेजारी, उंबऱ्यावर. आणि दीड वर्षानंतर पहिल्यांदा कोणासमोर रडले. अनसूयाबाईंनी सायीचा कप उचलला, घासला आणि नवीन चहा ठेवला. लांजेवारांना बोलण्यासारखं काही सुचलं नाही. आयुष्यात प्रथमच सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

त्या संध्याकाळी तिघं पुन्हा सिविल लाइन्सला गेले. डॉक्टर देशकर दिवा लावून बसल्या होत्या. त्यांनी आधी माफी मागितली. मग यंत्राची खोली बंद केली, दोन खुर्च्या व्हरांड्यात आणल्या आणि गभण्यांशी स्वतः बोलल्या. औषधं सुरू झाली, आठवड्यातून दोनदा भेटी सुरू झाल्या, रायपूरहून मुलगी येऊन महिनाभर राहिली. उन्हाळा लागेपर्यंत गभण्यांचा सकाळचा चहा गरम असतानाच संपायला लागला. केंद्राच्या भिंतीवर नवी पाटी लागली: यंत्रानं छापलेला कोणताही कागद डॉक्टरांनी माणसाला भेटल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

लांजेवारांना किल्ल्या परत मिळाल्या. त्यांचा खरा अहवालही आला. या वेळी डॉक्टरांच्या सहीनिशी. त्यात लिहिलं होतं की प्रकृती सर्वसाधारण, कसलाही विकार नाही. मात्र स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांपैकी बरीच विश्वास ठेवण्याजोगी नाहीत, आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याची सवय जवळजवळ नाहीच.

लांजेवारांनी तो कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. "पाहा, पुन्हा घोटाळा करून ठेवला. हा कोणाचा तरी दुसऱ्याचा आला."

गभण्यांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.

"नाही हो लांजेवार," ते म्हणाले. "हा तुमचाच आहे."

मग ते बोलायला लागले. नर्मदाबाईंबद्दल, रायपूरच्या नातवाबद्दल, घाटावरच्या मासळीबद्दल, आणि एकोणीस वर्षांत सांगायच्या राहून गेलेल्या आणखी बऱ्याच गोष्टींबद्दल. लांजेवारांनी तीनदा मधे तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. सव्वा तास त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी घरी पोचले ते डोकं दोन्ही हातांत धरून, आणि अनसूयाबाईंकडे त्यांनी बाम मागितला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," लांजेवार म्हणाले. "ऐकून आलो."